चुलीगणिक एक वाटा

कोण वेगळं राहतं आणि कोण एकत्र, हे आमच्या घरात कागदावर कधी लिहिलेलं नाही. ते बदकांच्या वाट्यांवरून ठरतं. सुगी संपली, भाताची मळणी उरकली, की एका रविवारी घरातली माणसं गावाखालच्या तळ्यावर जातात, थंडीत उतरलेली रानबदकं मारतात आणि घरामागच्या परड्यात आणून त्यांचे वाटे घालतात. चुलीगणिक एक वाटा. जिची चूल पेटते तिला वाटा, जी दुसऱ्याच्या चुलीवरचं जेवते तिला नाही. पाण्यात उतरून बदकं काढून आणेल त्याला सगळ्या बदकांची काळजं, तो त्याचा मान. एवढाच आमचा कायदा. सरकारचा कायदा वेगळा आहे, रानबदक मारायला बंदी आहे, हे मला कुणी सांगायला नको. मी बेळगावात हायस्कूलला शिकवते आणि पक्ष्यांचा धडा दरवर्षी मीच घेते. लाज वाटते का? वाटते. पण गेले नाही असं एक वर्ष नाही.

आमचं गाव बेळगुंदीच्या वाटेवर. माझे वडील थोरले आणि काका धाकटे. मी बारा वर्षांची असताना वडिलांनी परड्यातल्या धुण्याच्या दगडावर एकाऐवजी दोन वाटे घातले आणि म्हणाले, आजपासून दोन चुली. भांडण नाही, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी काकूनं आपली चूल पलीकडच्या पडवीत मांडली. पुढं काकांच्या मुलानं रस्त्याकडेला स्लॅबचं घर बांधलं, मग तिसरा वाटा पडला. वडील गेले तरी आमचा वाटा पडत राहिला, कारण आईची चूल पेटत होती. त्याला अजूनही थोरल्याचा वाटा म्हणायचे. मी एकुलती एक, लग्न होऊन बेळगावला गेलेली. त्या घरात माझ्या बापाचं नाव घेतलं जायचं ते वर्षातून त्या एका सकाळी, आणि ते ऐकायला मी जायची. बदक मला तसं आवडतही नाही, चिखलाचा वास येतो.

यंदा श्रावणात आई परसात घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात काही पहिल्यासारखा वळेना. भाकरी थापता येईना, तांब्या धरला तर थरथरायचा. काकू दोन वेळा ताट आणून द्यायची. मी रविवारी स्कूटरवरून जायची, एक डबा घेऊन. आमच्याकडं चल म्हणून आईला मी दोनदा म्हटलं. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, ती नको म्हणाली. तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मलाच शहाणी समजाल.

काकूच्या त्या ताटाचा मला राग यायचा. वर फडकं झाकलेलं, आमटी वेगळ्या वाटीत, भाकरीचे तुकडे करून ठेवलेले, कारण आईला एका हातानं मोडता येत नव्हती. कुणाला कौतुक वाटलं असतं. मला वाटायचं, ही सगळी पेरणी चालली आहे. आज ताट देतायत, उद्या घराची आमची अर्धी बाजू मागतील, आणि आई खाल्ल्या अन्नाला जागून मान डोलवील. मी आईला बजावून ठेवलं होतं, कुठल्या कागदावर सही करायची नाही, मला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. आई म्हणायची, कागद कुणी आणलाय? मी म्हणायची, आणतील.

त्या रविवारी दिवस फुटायच्या आत मी गावात पोचले. हात गारठून स्कूटरच्या मुठीला चिकटले होते. काका परड्यात तोंड धूत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, बाई आल्या, आता शाळा भरली म्हणायची. सत्तरी ओलांडली तरी जिभेची धार काही गेली नाही. मी पण कमी नाही, म्हटलं, पहिल्या बाकावर तुम्हीच बसा. चुलतभाऊ खांद्याला बंदूक अडकवून उभा होता. ती डुकरांपासून पीक राखायला म्हणून परवान्यावर घेतलेली, एकनळी. पूर्वी वडिलांच्या नावावर होती, आता त्याच्या. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला आक्का म्हणतो, पण म्हणताना दुसरीकडं बघतो. आई आमच्या बाजूच्या पायरीवर शाल गुंडाळून बसली होती. ती काहीतरी बोलायला लागली, तेवढ्यात काका चला म्हणाले आणि मी निघाले.

तळ्याला जाताना तिघांत मिळून दहा वाक्यं झाली नसतील. पायवाटेच्या दोन्ही अंगाला मसूर उगवून आला होता, त्यावर दव. काकांनी विचारलं, जावई का आले नाहीत. मी म्हटलं, त्यांना असली शिकार पटत नाही. भाऊ म्हणाला, खायला पटतंय. खरं होतं ते, दरवर्षी डबा नेत होते मी घरी, म्हणून जास्तच झोंबलं.

बांधावर आम्ही पालथे पडलो. लव्हाळ्याच्या आत बदकं होती, पाण्यावर धुकं. वडील असते तर त्यांनी थव्याला उठू दिलं असतं आणि वर गेल्यावर बार टाकला असता. बसलेल्या पाखरावर बार टाकत नाहीत, असं ते म्हणायचे. भावानं बसलेल्या थव्यावरच टाकला. सगळं तळं फडफडून उठलं, आणि उठली त्यांच्यावर त्यानं दुसरं काडतूस भरून आणखी एक टाकला, तो वाया गेला. पाच पडली होती. एक पंख मारत गोल गोल फिरत होतं. मी म्हटलं, बसलेल्यांवर कसला बार टाकतोस. तो म्हणाला, मग तू टाक. आणि काका म्हणाले, मेलेल्याला काय ठावं, बसून मेलं का उडून.

आता पाण्यात कोण उतरणार? भावानं मनगटावरचं नवं घड्याळ दाखवलं, सर्दीचं निमित्त काढलं. काका म्हणाले, थांबा, खालच्या वस्तीवरून कुणाला तरी बोलवू, बाईला आता जमायचं नाही. पन्नाशीला आलेल्या बाईला असं म्हणायचं असतं का? मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि उतरले. लहानपणी मीच उतरायची, वडील बांधावरून कुठं पाय टाकायचा ते सांगायचे. आता कुणी सांगणारं नव्हतं. चिखल मांडीपर्यंत आला, गार पाण्यानं दातखीळ बसायची वेळ आली. चार मेलेली हाताला लागली. पाचवं जितं होतं. त्याची मान मी पिरगाळली, एका झटक्यात जमलं नाही, दोनदा करावं लागलं. बांधावरून दोघं बघत होते. मला त्या बदकाची दया येण्याऐवजी त्या दोघांचा राग आला, हे काही चांगलं लक्षण नाही.

घरी येईपर्यंत उन्हं परड्यात उतरली होती. काकूनं पाणी उकळत ठेवलं होतं. बदकं बुडवून पिसं उपटली, पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, जाळावर कातडी भाजली, हळद चोळून धुतली. भावानं तुकडे केले. मी न्हाणीत जाऊन पाय धुतले, आईचं एक जुनं लुगडं नेसले आणि बाहेर आले, तर धुण्याच्या दगडावर केळीचं पान, आणि पानावर दोन वाटे.

मी दोनदा मोजले, तरी दोनच. बाजूला एका लहान पानात पाच काळजं. काका म्हणाले, ती काळजं घे गं, तुझा मान हाय तो. मी विचारलं, थोरल्याचा वाटा कुठं आहे? काका हात पुसत होते. पुसायचं थांबले नाहीत.

"चूल कुठं पेटतीया?" म्हणाले. "वैनी चार म्हैनं आमच्यात जेवतीया. वाटा चुलीला असतोय, माणसाला न्हाय."

डोक्यात तिडीक गेली. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. चार महिने दोन भाकऱ्या दिल्या म्हणून माझ्या बापाची चूल गिळायला निघालात, हे म्हटलं. बायको गेली तरी पुरुषाचा वाटा राहतो, नवरा गेला की बाईचा वाटासुद्धा जातो काय, हेही म्हटलं. भाऊ म्हणाला, आक्का, तोंड सांभाळ. मी त्याला म्हटलं, तू आधी बंदूक सांभाळायला शीक. काकू हातातलं पातेलं तसंच धरून उभी होती. तिच्या तोंडाकडं मी बघितलं नाही. आई पायरीवरून उठायला लागली, डावा हात भिंतीला टेकून, आणि म्हणाली, अगं, ऐक जरा. मी तिच्यावरच ओरडले, तू गप बस. एवढ्या सगळ्यांदेखत.

मग मी आत गेले. आईची चूल चार महिन्यांत राखेनं भरली होती, वर कोळ्याचं जाळं. राख ओढली, पिंजर कोंबलं, माळ्यावरची लाकडं रचली आणि काडी लावली. धुरानं डोळे भरले. दारातून, कौलांतून धूर बाहेर पडला, परड्यात सगळ्यांना दिसला. मी उंबऱ्यात येऊन म्हटलं, ही बघा पेटली, घाला आता वाटा.

काकांनी धुराकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. आईनं मान खाली घातली. तिला मान खाली घालायला लागते आहे म्हणून मला आणखी चेव आला. काका दगडापाशी बसले, दोन्ही वाट्यांतले तुकडे काढून तिसरा वाटा घातला. हात आखडला नाही. उलट मांड्या, छातीचे तुकडे, सगळं चांगलं चांगलं त्यात टाकलं. मला त्यातही खोट दिसली, म्हटलं आता दानशूर व्हायला निघालेत.

"घे," म्हणाले. "आजपास्नं वैनीची चूल येगळी. सगळ्यांदेखत पडलाय वाटा. तू मागितलास, आमी आपणहून न्हाय घातला, हे ध्यानात ठेव."

मी पान उचललं. जिंकले होते मी. त्या घरात काकांना माघार घ्यायला लावणारी दुसरी कुणी झाली नसेल. काकू तिचा वाटा पातेल्यात घेऊन निघून गेली, भाऊ स्लॅबच्या घराकडं गेला, आणि मी आईच्या चुलीपुढं बसले.

कालवण मी मन लावून केलं, खोटं कशाला बोलू. सुकं खोबरं, तीळ भाजून घेतले, कांदा चुलीत भाजला, पाट्यावर वाटायला गेले तर वरवंटा सापडेना, तो काकूच्या बाजूला गेलेला. मागायला गेले नाही. खलबत्त्यात कुटलं. घरची चटणी घातली, चिखलाचा वास मारायला चार आमसुलं टाकली. काळजं वेगळी तव्यावर मिठात परतली. तांदळाच्या भाकरी केल्या, दोन करपल्या. आई भिंतीला टेकून बसली होती आणि एकदाही मीठ घाल, जाळ कमी कर, असं म्हणाली नाही. माझ्या आईला दुसरीच्या चुलीत लक्ष घातल्याशिवाय राहवत नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.

दुपारी ताट वाढून तिच्यापुढं ठेवलं. भाकरी तशीच अख्खी ठेवली होती. ती डाव्या हातानं मोडायला बघत होती, भाकरी ताटात फिरत होती. मी मोडून दिली. पहिला घास तिनं बराच वेळ तोंडात घोळवला.

"मीच भावजींना सांगितलंतं," म्हणाली. "औंदा माझा वाटा घालू नका म्हणून."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, म्हणजे काय? तेव्हा तिनं सगळं सांगितलं, शांतपणे, ताटाकडं बघत. हात आता बरा व्हायचा नाही, हे डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, मला तिनं सांगितलं नव्हतं. चूल पेटवायची तर लाकूड मोडायला हात नाही, गॅसचा सिलिंडर उघडायला हात नाही. काकू ताट देते ते आजारपणाचं म्हणून, आणि आजारपण संपलं की ताट बंद व्हायला पाहिजे, अशी तिच्याच मनाला टोचणी. म्हणून दिवाळीनंतर तिनं काकांना बोलावून सांगितलं, की मला तुमच्या चुलीत घ्या. काका म्हणाले होते, लेक काय म्हणंल? आई म्हणाली होती, मी सांगते तिला. सकाळी पायरीवर ती तेच सांगायला लागली होती. परड्यातही तेच सांगणार होती.

"मग सांगायचं नाहीस?" मी म्हटलं. आवाज चढलाच माझा, अजूनही.

"गप बस म्हणालीस की," आई म्हणाली. मग तिनं घास ठेवून दिला. "येगळ्या चुलीला कुणी ताट धाडत न्हाय, गं. तू रविवारी येतीस. सोमवारी मला कोण हाय?"

मला तिचाच राग आला. सही करू नकोस म्हटलं तर हिनं चूलच देऊन टाकली होती, आणि मला विचारलं नव्हतं. बापाचं नाव सांभाळायला मी मांडीभर चिखलात उतरले, आणि हिला दोन वेळच्या ताटाची पडली आहे. असं सगळं मनात आलं. तोंडावर आणलं नाही, एवढंच माझं चांगलं वागणं त्या दिवसातलं.

कालवणाचं अर्धं पातेलं उचलून मी पडवीतून काकूकडं गेले. काका जेवून खाटेवर आडवे झाले होते, डोळे मिटलेले, जागे होते हे मला माहीत आहे. मी काकूपुढं पातेलं ठेवलं आणि म्हटलं, आईला भाकरी मोडताही येत नाही, माझं चुकलं, ताट चालू ठेवा. चुकलं हा शब्द मी त्या घरात आधी कधी उच्चारला असेल असं आठवत नाही. काकूनं पातेल्यावरचं झाकण काढून बघितलं, वास घेतला.

"सगळ्यांदेखत वाटा पडल्यावर मी ताट कशी नेऊ?" म्हणाली. "उद्या तूच म्हणशील, आईची चूल काकूनं इझवली. न्हाय गं बाई. आता फुडल्या वर्सी, वाटं पडतील तवा बघू."

तिच्या बोलण्यात रागही नव्हता, हे सगळ्यात वाईट. चार महिने मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. तिनं कालवण आपल्या भांड्यात ओतून घेतलं, पातेलं घासलं, पुसलं, आणि त्यात मूठभर साखर घालून माझ्या हातात दिलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत म्हणून घालतात ती साखर. एका घरात कुणी कुणाला घालत नाही. आमच्या आणि त्यांच्या चुली इतकी वर्षं वेगळ्या असूनही भांडी आमच्याकडून त्यांच्याकडं रिकामीच जात-येत होती.

आईनं पातेल्यात बघितलं आणि साखर डब्यात ओतून ठेवायला मला सांगितली. चहाला होईल, म्हणाली.

उन्हं कलल्यावर मी निघाले. लाकडं मोडून चुलीजवळ रचून ठेवली होती, घागर भरून ठेवली होती, उरलेलं कालवण गरम करून झाकलं होतं. आई पायरीवर आली. आमच्याकडं चल, असं तिसऱ्यांदा म्हणायची ती वेळ होती. मी म्हटलं, लाकडं जपून वापर, आणि स्कूटर चालू केली. काकांच्या पडवीत कुणी दिसलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेतून फोन केला. बराच वेळ वाजला. काय जेवलीस म्हणून विचारलं. कालवण तसंच आहे, म्हणाली, सोमवारी तिला मांस चालत नाही ते मी विसरलेच होते. मग भात टाकलास का?

"आज सोमवार न्हवं का," म्हणाली. "उपास हाय माझा."

आईनं उभ्या जन्मात सोमवारचा उपास धरलेला नाही.